खाल्लं नाही, तर औषध नाही

तुझ्या कुत्र्याला, ब्रुनोला, कुशिंग्ज आहे असं कळल्यावर तुझा पहिला प्रश्न होता, "मावशी, औषध परवडेल का गं?" त्यात लाजण्यासारखं काही नाही. हे औषध जन्मभराचं आहे, आणि जन्मभराचा खर्च आधी कागदावर मांडूनच उचलावा. पण पैशाच्या हिशेबाआधी एक गोष्ट शिकून घे: हे औषध कधी द्यायचं नाही. माझ्या पिंट्या कुत्र्याला हाच आजार झाला, त्या वेळी आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं होतं, "खाल्लं नाही, तर औषध नाही." बाकी सगळं मी नंतर सावकाश शिकले.

असं का, ते समजलं की नियम पाठ करावा लागत नाही. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी. त्या कॉर्टिसॉल बनवतात. किती बनवायचं, याचा हुकूम (एसीटीएच नावाचं संप्रेरक) मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीकडून येतो. कुशिंग्ज झालेल्या शंभरातल्या 80 ते 85 कुत्र्यांत पीयूष ग्रंथीवर गाठ झालेली असते आणि हुकूम थांबतच नाही. उरलेल्यांत गाठ अधिवृक्क ग्रंथीवरच असते. हार्वी कुशिंग या अमेरिकन मेंदूच्या सर्जननी 1932 मध्ये माणसांतला हा आजार मांडला, म्हणून त्यांचं नाव. ब्रुनोला लिहून दिलेलं ट्रायलोस्टेन गाठीला हातही लावत नाही. कॉर्टिसॉल तयार होताना जे एक विकर लागतं, तेवढं ते काही तासांपुरतं अडवून धरतं. त्यामुळे आजार बरा होत नाही, आवाक्यात राहतो.

काही तासांपुरतं, हे नीट लक्षात ठेव. एखाद्या दिवशी औषध चुकलं तर काय होईल? ब्रुनो जरा जास्त पाणी पिईल, रात्री एकदा जास्त उठवेल. एवढंच. पण आधीच कॉर्टिसॉल फार खाली गेलेलं असताना आणखी एक कॅप्सूल पोटात गेली, तर जीवावर बेतू शकतं. कॉर्टिसॉल जास्त झालं की आजार, पण अजिबात नसलं की शरीर साधा ताणही पेलू शकत नाही. म्हणून शंका आली की औषध थांबवायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. उलटा क्रम नको.

रोजचं काम सोपं आहे. सकाळी आधी वाटी पुढे ठेव. खायला लागला की कॅप्सूल दे. हुंगून बाजूला झाला, तर कॅप्सूल परत डबीत. कुशिंग्जचा कुत्रा अधाशी असतो, ओट्याखाली पडलेला कांद्याचा पापुद्राही सोडत नाही (कांदा त्याला विषारी आहे, तोही आवर). असा कुत्रा वाटीकडे पाठ फिरवतो, तेव्हा "आज मूड नसेल" म्हणून सोडून देऊ नकोस. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पलंगाखाली बसला आणि जेवला नाही, तरी नियम तोच. कारण कोणतंही असो, पोट रिकामं म्हणजे त्या वेळेचं औषध बंद. शिवाय रिकाम्या पोटी हे औषध नीट शोषलंही जात नाही, म्हणजे पैसेही वाया.

उलटी, जुलाब, सुस्ती, मागचे पाय लटपटणं, थरथर यांपैकी काहीही दिसलं की औषध थांबव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. अशा वेळी रक्तातलं सोडियम घसरलेलं आणि पोटॅशियम वाढलेलं असू शकतं. वाढलेलं पोटॅशियम हृदयाची गती मंदावतं. घरी साखर-मिठाचं पाणी पाजत बसायचा हा प्रसंग नाही, शिरेतून सलाइन आणि कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या स्टेरॉइडचं इंजेक्शन लागतं. बहुतेक कुत्रे औषध थांबवल्यावर सावरतात, पण काहींच्या ग्रंथी कायमच्या निकामी होतात, म्हणून "औषध बंद केलंय, बघू उद्या" असं करू नकोस. रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून ठेव आणि नंबर फ्रिजवर चिकटव. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या दोन-चार गोळ्या घरी ठेवाव्यात का, किती द्यायच्या, हे डॉक्टरांकडून लिहूनच घे.

डोस राहून गेला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. दिल्यावर उलटी झाली तर पुन्हा द्यायचा नाही.

आता पैसे. रोजच्या कॅप्सूलची किंमत गुणिले 365 एवढाच हिशेब केलास तर तोंडघशी पडशील. त्यात तपासण्या धर. पहिली सुरुवातीनंतर 10 ते 14 दिवसांनी, दुसरी महिन्याने, तिसरी तीन महिन्यांनी, मग दर तीन महिन्यांनी एक. पहिल्या वर्षी साधारण सहा. डोस बदलला की त्यानंतर पुन्हा एक. लोक औषध कसंबसं घेतात आणि तपासणीचे पैसे वाचवतात, माझं मत अगदी उलट आहे. तपासणी परवडत नसेल तर औषध सुरूच करू नये. न तपासता दिलेलं ट्रायलोस्टेन न दिलेल्या ट्रायलोस्टेनपेक्षा धोक्याचं आहे.

खरी बचत मात्र औषधाच्याही आधी करता येते. निदान कशावरून झालं, हे डॉक्टरांना विचार. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टात एएलपी (यकृताच्या तपासणीतलं एक विकर) वाढलेलं दिसलं म्हणून कुशिंग्ज ठरत नाही, ते कितीतरी कारणांनी वाढतं. डेक्सामेथासोनची आठ तासांची चाचणी किंवा एसीटीएच उद्दीपन चाचणी व्हायला हवी, आणि शक्य असेल तर पोटाची सोनोग्राफी, म्हणजे गाठ अधिवृक्क ग्रंथीवर आहे का ते कळतं. तशी असेल तर ऑपरेशनचा वेगळा विचार करता येतो. आणि चाचणी काहीही म्हणो, कुत्र्याला काही त्रासच नसेल तर औषधाची घाई करायची नसते, हे जाणते पशुवैद्यही सांगतात. उपचार लक्षणांवर करायचा, आकड्यावर नाही.

यातच आणखी एक गोष्ट, जिच्यात एक पैसाही जात नाही. घरातल्या सगळ्या ट्यूब आणि थेंबांच्या बाटल्या टेबलावर मांड. कानाचे थेंब, खाजेचं मलम, गजकर्णासाठी केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली ती पांढरी ट्यूब. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, डेक्सामेथासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. तुझ्या सासऱ्यांच्या पायाला लावलेलं मलम कुत्रा रोज चाटत असेल, तरी स्टेरॉइड त्याच्या पोटात जातंच. बाहेरून गेलेल्या स्टेरॉइडनेही हुबेहूब हाच आजार दिसतो: तीच तहान, तेच सुटलेलं पोट, त्याच केस गेलेल्या बरगड्या. त्यावर ट्रायलोस्टेन देणं चूक आहे, कारण त्या कुत्र्याच्या स्वतःच्या ग्रंथी आधीच झोपी गेलेल्या असतात. अशा वेळी ते स्टेरॉइडही एकदम बंद करायचं नाही, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायचं.

निदान पक्कं झालं असेल, तर कॅप्सूलचा हिशेब. व्हेटोरिल या नावाने येणाऱ्या कॅप्सूल 5, 10, 30, 60 आणि 120 मिलिग्रॅमच्या असतात. मोठी कॅप्सूल मिलिग्रॅममागे स्वस्त पडते, हे दुकानात उभं राहिल्यावर तुझ्याही लक्षात येईल आणि लगेच मनात येईल की 60 ची घेऊन दोन भाग करावेत. करू नकोस. आत भुकटी असते, नजरेच्या मापाने तिचे समान भाग होत नाहीत. एका दिवशी कमी, एका दिवशी जास्त, आणि मग तपासणीचा आकडा कशाचा, हे कुणालाच कळत नाही. ती भुकटी हवेत आणि हाताला लागते, ते वेगळंच. त्याऐवजी डॉक्टरांना सरळ म्हण, "मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये बसेल असा डोस ठरवता येईल का?" ब्रुनो 12 किलोचा आहे. हिशेबाने समजा 24 मिलिग्रॅम निघाले, तर ते 20 वर सुरू करून तपासणीनंतर वाढवायचं की 30 द्यायचं, हे डॉक्टर ठरवतील. बरेच तज्ज्ञ आता लेबलवरच्या वरच्या डोसऐवजी कमी डोसने सुरुवात करतात. ते सुरक्षितही आहे आणि खिशालाही हलकं. दिवसातून एकदा की दोनदा, हेही विचार. काही कुत्र्यांत औषधाचा अंमल 24 तास पुरत नाही, तिथे थोडं थोडं दोनदा दिलेलं बरं.

फार्मसीत मागणीप्रमाणे बनवून दिलेलं औषध स्वस्त मिळालं तर जपून. 2012 मध्ये अमेरिकेत अशा बनवलेल्या ट्रायलोस्टेनची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात लेबलवरच्या मात्रेच्या 39 टक्क्यांपासून 152 टक्क्यांपर्यंत औषध निघालं होतं. म्हणजे 30 लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये 12 ही असू शकतात आणि 45 ही. परदेशातल्या भाच्याला आणायला सांगणार असशील तर त्याला आधीच सांगून ठेव, अमेरिकेत हे औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. चिठ्ठी न मागणारं संकेतस्थळ दिसलं की तिथून घ्यायचं नाही, हे समजून जा.

स्वस्तातली दुसरी औषधं? कीटोकोनाझोल माणसांच्या कोणत्याही केमिस्टकडे मिळतं आणि पूर्वी ते वापरतही. पण सगळ्या कुत्र्यांना लागू पडत नाही आणि यकृताला त्रास देतं. डॉक्टरांनी स्वतः सुचवलं तरच. मायटोटेन ग्रंथीचा भागच नष्ट करतं, त्याचा डोस सांभाळणं नाजूक काम आहे. सेलेजिलिनचा उपयोग फार थोड्या कुत्र्यांना होतो. यांतलं काहीही ट्रायलोस्टेनच्या जोडीला आपल्या मनाने सुरू करायचं नाही.

पैसे वाचवायचे ते इथे वाचव: यकृताच्या सिरपच्या बाटल्या. एएलपी वाढलं की आपल्याकडे कुणी ना कुणी लिव्हर टॉनिक हातात देतंच. कुशिंग्जमध्ये ते एएलपी बहुतेक वेळा स्टेरॉइडच्याच प्रभावाने वाढलेलं असतं, त्या सिरपने उतरत नाही. केस येण्याची तेलं, ओमेगाचे महागडे डबे, कॅल्शियमच्या गोळ्या, यातलं किती थांबवता येईल ते बघ. डॉक्टरांना एकच विचार, "यातलं काय बंद केलं तर चालेल?" बहुतेक डॉक्टर प्रामाणिक उत्तर देतात, विचारणारे फार कमी असतात. खास खाणंही लागत नाही. तूप-तेल कमी, उकडलेलं चिकन किंवा अंडं, भात, दुधी किंवा गाजर हे ब्रुनोला चालेल, मात्र रोज तेच आणि त्याच वेळी. तुम्ही चतुर्थी करता म्हणून त्याला साबुदाण्याची खिचडी नको. शिऱ्यातला बेदाणा तर मुळीच नको, द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात.

पाणी मात्र कधीही तोडू नकोस. घरभर शू करतो म्हणून रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याला तहान लागते ती शरीर पाणी धरून ठेवत नाही म्हणून, आणि पाणी मिळालं नाही तर तो कोरडा पडेल. भांडं भरलेलंच ठेव, फक्त मोजून भर. सकाळी एका मापाच्या बाटलीने किती ओतलं आणि दुसऱ्या सकाळी किती उरलं, वहीत लिही. किलोमागे दिवसाला 100 मिलिलिटरच्या वर म्हणजे जास्त, ब्रुनोच्या बाबतीत 1200 मिलिलिटर. औषध लागू पडतंय का, हे सगळ्यांत आधी याच आकड्यावरून कळेल, पहिल्या काही आठवड्यांतच. केसांना महिने लागतात, आणि आधी थोडा कोंडा झाला किंवा अंगावरचे केस आणखी गेले तरी घाबरू नकोस. वही तपासणीला घेऊन जा. "बरा आहे" या तुझ्या वाक्यापेक्षा त्या आकड्यांचा डॉक्टरांना जास्त उपयोग होतो.

तुमचं घर मोठं आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. औषध एकाच माणसाने द्यायचं. सासूबाई सकाळी देतात, तू ऑफिसला निघताना "दिलं का" न विचारता पुन्हा देतेस, असं दोनदा झालं तर ब्रुनो दवाखान्यात. दिल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण कर, खूण असेल तर कुणीही हात लावायचा नाही. कॅप्सूल उघडायची नाही, पनीरच्या तुकड्यात किंवा भाताच्या छोट्या गोळ्यात अख्खी जायला हवी. दिल्यावर साबणाने हात धू. आणि तुझ्या जावेला सातवा महिना आहे, तिने या डबीला हातच लावायचा नाही. हे औषध गर्भाला लागणाऱ्या प्रोजेस्टेरॉनवरही परिणाम करतं. दिवस राहण्याचा विचार असलेल्या बाईनेही दूर राहावं. घरकामाच्या मावशींनाही हे सांग, त्या डबी पुसायला उचलतात.

हृदयाची किंवा बीपीची औषधं सुरू असतील, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी, तर डॉक्टरांना आधी दाखव. तीही पोटॅशियम वाढवतात. कुशिंग्जच्या काही कुत्र्यांना मधुमेहही असतो. ब्रुनोला आज नाही, पण पुढे झाला आणि इन्सुलिन सुरू असेल तर लक्षात ठेव, कॉर्टिसॉल खाली आलं की तोच इन्सुलिनचा डोस जास्त होऊ शकतो. आणखी एक गोष्ट अनेकांना चकवते. औषध लागू पडल्यावर कुत्रा लंगडायला लागतो. इतके दिवस जास्तीच्या कॉर्टिसॉलने सांध्यांचं दुखणं झाकलेलं असतं, ते आता उघडं पडतं. डॉक्टरांना सांगून कुत्र्यांचंच वेदनाशामक घे. तुमच्या कपाटातलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याला द्यायचं नसतं.

खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर तिथेच अडून राहू नकोस. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला आहेत, तिथे रुग्णालयं चालतात. रांग मोठी, पण दर कमी, आणि शिकवणारे डॉक्टर स्वतः बघतात. औषध जवळच्या डॉक्टरांचं आणि तपासणी तिकडची, असंही जमवता येतं, फक्त दोघांनाही एकमेकांचे कागद दाखव.

राहता राहिली तपासणी. एसीटीएच चाचणीत महाग असतं ते इंजेक्शन. त्याची कुपी 250 मायक्रोग्रॅमची येते आणि कुत्र्याला किलोमागे 5 पुरतात, म्हणजे ब्रुनोला 60. उरलेलं औषध लहान सिरिंजमध्ये भरून उणे 20 अंशांवर गोठवलं तर 6 महिने टिकतं. एकाच दवाखान्यात कुशिंग्जचे तीन-चार कुत्रे असतील तर एक कुपी सगळ्यांत वाटून घेता येते. डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नकोस, बरेच दवाखाने करतात. तब्येत चांगली असलेल्या कुत्र्यात काही डॉक्टर औषध देण्याआधीचं एकच रक्त घेऊन कॉर्टिसॉल बघतात, ते स्वस्त पडतं. मात्र कुत्रा सुस्त असेल तर ते पुरत नाही. दोन्हीपैकी कोणतीही पद्धत ठरो, प्रत्येक वेळी सोडियम-पोटॅशियम करायचंच, आणि प्रयोगशाळा दरवेळी तीच ठेव, नाहीतर आकडे ताडून बघता येत नाहीत.

आणि आपल्याला रक्त तपासायचं म्हटलं की उपाशीपोटी जायची सवय असते, तुझ्या घरातही कुणीतरी ब्रुनोची वाटी लपवेलच. एसीटीएच चाचणीच्या सकाळी त्याला रोजच्यासारखं खायला घाल, रोजच्या वेळी कॅप्सूल दे, किती वाजता दिली ते लिही आणि त्यानंतर 4 ते 6 तासांनी रक्त देता येईल अशी वेळ मागून घे. उपाशी नेलास तर औषध नीट शोषलं जाणार नाही, कॉर्टिसॉल खोटंच जास्त दिसेल आणि गरज नसताना डोस वाढेल. एकाच रक्तावर तपासणी असेल तर त्या दिवशी कॅप्सूल रक्त घेतल्यावर द्यायची, तेव्हा दोन्हीपैकी काय आहे ते आदल्या दिवशीच दवाखान्यात फोन करून विचार.